हिशेब असला म्हणून काय बिघडलं?

नमस्कार. सावड आणि इर्जिक या शेतकामात एकमेकांना मदत करण्याच्या प्रथांवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सावड काय, इर्जिक काय, सगळा देण्याघेण्याचा व्यवहार. निःस्वार्थ मदत असं काही नसतंच, तुम्ही उगाच गोडवे गाताय,’ असं तुमचं म्हणणं. अर्धं मान्य.

सावडीत हिशेब असतोच, आणि चोख असतो. भातलावणीला तुमची दोन माणसं एक दिवस आमच्याकडे आली, की आमची दोन एक दिवस तुमच्याकडे जाणार. आमची आजी कागदावर काही लिहीत नसे, पण कोणाचा दिवस फेडायचा राहिलाय हे तिला तोंडपाठ असे. लेखात मी हे गुळमुळीत लिहिलं, ती चूक माझी.

देशावरची इर्जिक मात्र त्या मापाने मोजू नका. कोणाचा बैल ऐन वेळी मेला, कोणी अंथरुणाला खिळला, तर गावातली दहा-बारा औतं येऊन त्याचं रान एका दिवसात नांगरून देत. त्याने फक्त जेवण घालायचं. त्या जेवणाचा खर्च आणि दहा औतांची मजुरी शेजारी शेजारी मांडून बघा. परतफेड व्हायची, पण ती त्याच माणसाकडून होईल असं नाही. हा विमाच झाला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण विम्याचा हप्ता थकला की पॉलिसी बंद पडते. इथे ज्याच्या गोठ्यात बैलच उरला नाही, त्याच्याचसाठी सगळे जमत.

(तुम्ही न काढलेला आक्षेप मीच काढतो. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या रानासाठी एवढी औतं जमत का? फारशी नाही. मला हा आक्षेप स्वार्थापेक्षा जास्त टोचतो.)

आता ज्यात परतफेडीची शक्यताच नव्हती, असा एक अनुभव. 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कंबरभर पाण्यातून कुर्ल्याहून घरी चालत निघालो होतो. एका चाळीच्या पायऱ्यांवर एक बाई येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देत होत्या. मला कप देताना त्यांनी एवढंच विचारलं, “घरी कळवलंत का?” फोन लागत नव्हता. त्यांनी आतून कोरडा टॉवेल आणून दिला.

त्यांना बरं वाटलं असेल, तोच त्यांचा स्वार्थ, असं तुम्ही म्हणालच. पण ‘स्वार्थ’ शब्द इतका ताणलात, तर गल्ला मोजणाऱ्या माणसासाठी दुसरा शब्द शोधावा लागेल. टॉवेल परत करायला पुढच्या महिन्यात गेलो होतो. ती चाळ काही सापडली नाही.