‘तिसऱ्या दिवशी नळी बदलून घ्या’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. आयसीयूतल्या रुग्णाच्या मानेत किंवा छातीत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, दर तीन दिवसांनी बदलली नाही तर रक्तात जंतू शिरतात. तिच्यावरची पट्टी रोज उघडून जागा साफ करायला लावावी. पहिल्या दिवसापासून ‘भारी’ अँटिबायोटिक सुरू करून घ्यावे. आणि एवढे करूनही संसर्ग झालाच तर नशीब समजावे, कारण आयसीयूत तो परदेशातही टळत नाही, असा त्याचा सारांश आहे. मी येथे भूलतज्ज्ञ असून आयसीयूत काम करते. रावपुऱ्यातले एक वयस्क गृहस्थ हा मजकूर वहीच्या कागदावर उतरवून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, आज तिसरा दिवस उलटला.” त्यांना मी उभ्याउभ्या जे उत्तर दिले ते अपुरे होते.

तीन दिवसांचा आकडा आला कोठून, याचा अंदाज बांधता येतो. हाताच्या शिरेतले व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी घातलेली छोटी सुई-नळी, ७२ ते ९६ तासांनी बदलण्याची रीत अनेक वर्षे चालत आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीत ते गरजेप्रमाणे बदलले तरी शिरेचा दाह वाढत नाही असे आढळले. हातातल्या सुईचा हा नियम, तोही आता सैल झालेला, संदेशाने सरळ मानेतल्या नळीला लावला आहे. सेंट्रल लाइनपुरता हा प्रश्न १९९२ मध्येच तपासला गेला. आयसीयूतल्या रुग्णांचे गट पाडून काहींची नळी दर तीन दिवसांनी आणि काहींची केवळ गरज पडेल तेव्हा बदलण्यात आली. ठरावीक दिवशी बदलल्याने संसर्ग टळला नाही. उलट नव्या जागी टोचताना होणाऱ्या इजा वाढल्या, आणि जुन्याच जागी तार सरकवून नळी बदलली तेव्हा रक्तातल्या संसर्गाचा धोका वाढला. यात नवल नाही. प्रत्येक नवी नळी म्हणजे त्वचेत नवे छिद्र, धमनीला सुई लागण्याची किंवा फुप्फुसाभोवती हवा शिरण्याची नवी शक्यता. आणि तार सरकवताना जुन्या मार्गावरचे जंतूच नव्या नळीच्या अंगाला लागून आत जातात.

जंतू मुळात दोन वाटांनी आत येतात. पहिल्या काही दिवसांत ते बहुधा रुग्णाच्याच त्वचेवरून नळीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतात, म्हणून नळी घालतानाच्या अर्ध्या तासातली शिस्त निर्णायक ठरते. पुढे, नळी जितकी जास्त दिवस राहील तितके, तिच्या बाहेरच्या तोंडावरून, म्हणजे इंजेक्शन देताना दिवसातून वीसतीस वेळा हाताळल्या जाणाऱ्या थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि टोप्यांमधून, ते आतल्या पोकळीत शिरतात आणि तेथे चिकट थर धरून बसतात. तिसऱ्या दिवशी नळी बदलणे या दोहोंपैकी एकाही वाटेवरचा उपाय नाही.

तरीही संदेशात सत्याचा एक कण आहे. अपघातग्रस्त रुग्णाला वाचवण्याच्या घाईत, हात नीट न धुता किंवा निर्जंतुक चादर न पसरता नळी घालावी लागली असेल, तर ती शक्य तितक्या लवकर आणि ४८ तासांच्या आत काढून गरज असल्यास नवी घालावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. येथे कारण दिवसांचे नसून नळी कशी घातली गेली याचे आहे.

रोज पट्टी उघडण्याच्या सल्ल्यामागे आपली घरगुती समजूत आहे: जखम दिसली, पुसली, म्हणजे स्वच्छ राहिली. पण पारदर्शक पट्टी लावतात ती न उघडता जागा दिसावी म्हणूनच. ती सात दिवसांपर्यंत ठेवता येते; गॉजची पट्टी दोन दिवसांनी बदलतात. ओली झाली, सुटली किंवा मळली तर मात्र कोणतीही पट्टी तत्काळ बदलली पाहिजे, आणि रुग्णाला फार घाम येत असेल किंवा जागेतून रक्त झिरपत असेल तर तेवढ्यापुरते गॉजच बरे. ‘साफ करणे’ म्हणजे तपकिरी आयोडीन फासणे एवढाच अर्थ आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी घेतला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत अल्कोहोलमधले क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरलेल्या गटात १,००० नळी-दिवसांमागे ०.२८ संसर्ग झाले, तर अल्कोहोलमधले पोव्हिडोन आयोडीन वापरलेल्या गटात १.७७. (दहा रुग्णांना प्रत्येकी शंभर दिवस नळी राहिली तर १,००० नळी-दिवस होतात.) औषध लावून ते वाळू द्यायचे असते, आणि घाई नेमकी तेथेच होते.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. केवळ नळी आहे म्हणून ते देऊ नये. नळीतल्या चिकट थरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, साधे जंतू मरतात आणि त्यांची जागा औषधाला न जुमानणारे जंतू किंवा बुरशी घेते.

संसर्ग टळतच नाही हा शेवटचा दावा मला सर्वांत अपायकारक वाटतो, कारण तो ऐकून कुटुंब आणि कर्मचारी दोघेही निवांत होतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी पाच साध्या गोष्टी नेमाने केल्या: हात धुणे, नळी घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे आणि रुग्णाला पूर्ण झाकणारी चादर वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि नको असलेली नळी काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १,००० नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेला संसर्गाचा दर दीड वर्षात १.४ वर आला. त्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय या पाच गोष्टींना देता येणार नाही. पण संसर्ग अटळ असता तर तो इतका खाली आलाच नसता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात भारतीय शहरांच्या पाहणीत आपला दर ७.९२ होता. दोन्हीकडच्या मोजण्याच्या पद्धती तंतोतंत सारख्या नसतील, तरी मिशिगनने जेथून सुरुवात केली त्याच्या जवळपासच आपण होतो.

मिशिगनच्या त्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट होती, जी औषधांइतकी सहज विकत आणता येत नाही. यादीतली एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला होता. आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटल्यावर पुढचे शब्द गिळायची सवय आहे. काही वर्षांपूर्वी नुकत्याच रुजू झालेल्या एका सिस्टरने मला म्हटले, “मॅडम, बाही ट्रॉलीला लागली.” मला राग आला, हे कबूल करते, गाऊन बदलला, हेही खरे. पुढचे दोन आठवडे ती माझ्यासमोर काही बोलली नाही, आणि ते बहुधा माझ्या चेहऱ्यामुळे असावे.

म्हणून नातेवाइकांनी काही विचारायचेच असेल तर ‘नळी कधी बदलणार’ असे न विचारता ‘आज ती कशासाठी हवी आहे’ असे विचारावे. रक्तदाब टिकवणारी औषधे चालू असतील, शिरेतूनच पूर्ण पोषण द्यायचे असेल, तर उत्तर मिळेल. ‘असू दे, रक्त काढायला सोयीची आहे’ हे उत्तर नव्हे.

रावपुऱ्यातल्या त्या गृहस्थांना मी “काका, नळी बदलायची गरज नाही” एवढेच सांगून परत पाठवले होते. नंतर त्यांच्या पत्नीचा तक्ता उघडला, तेव्हा रक्तदाब टिकवणारे औषध आदल्या रात्रीच बंद झाल्याचे दिसले. सकाळच्या राउंडला आम्ही चौघे होतो आणि नळी कशासाठी आहे हे कोणीच विचारले नव्हते. संध्याकाळी ती काढली.