सिंधूची जबानी

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक परीक्षेला आहे. गाईडमधला पहिला प्रश्न ठरलेला: 'सिंधू ही आदर्श पतिव्रता आहे, स्पष्ट करा.' आता यात स्पष्ट काय करायचं? उत्तर प्रश्नातच दिलंय की!

पहिल्या वाचनात मला सिंधूचा रागच आला होता. नवऱ्याची, सुधाकरची, वकिलीची सनद गेली, तो दारुड्या तळीरामाच्या नादाने प्यायला लागला, घरात दाणा नाही. भाऊ पद्माकर माहेरी न्यायला तयार, आणि ही बाई 'कशि या त्यजूं पदाला' म्हणत तिथंच राहते. पुढे लोकांची दळणं दळते. वर्गात आम्ही चारपाच जणी खुसुखुसू हसलो. नंतर बालगंधर्वांच्या आवाजात तेच पद ऐकलं, तेव्हा हसू आलं नाही. पण राग तसाच होता.

शेवटच्या अंकात मात्र मी अडकले. दारूच्या नशेत सुधाकरने मारलंय, बाळ गेलंय, सिंधू मरणाच्या दारात आहे. फौजदार येतो. आणि ती नवऱ्याला वाचवायला खोटी जबानी देते.

लहानपणी आमच्या समोरच्या काकूंच्या कपाळाला चार टाके पडले होते. दवाखान्यात आई सोबत गेली होती. डॉक्टरांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, "मोरीत घसरले." घरी येऊन आई चहा गाळत एवढंच बोलली, "मोरी तर कोरडी होती."

म्हणजे गडकऱ्यांना हे घर आतून माहीत होतं. २३ जानेवारी १९१९ ला ते वारले, वय अवघं ३३. नाटक रंगभूमीवर आलं २० फेब्रुवारीला, बडोद्यात. त्यांनी ते पाहिलंच नाही. माझं भांडण आहे ते त्या खोटेपणाला त्यांनी चढवलेल्या सोवळ्याशी. कायदा दारापर्यंत आणायचा, तो तिच्याच हाताने परतवायचा, आणि आपण डोळे पुसत म्हणायचं, काय ही साध्वी!

आणि गीता? तळीरामाची बायको. तिच्याही नशिबी दारुडाच. पण ती तोंडाने फटकळ, पुरुषांना सरळ बोल लावणारी. दुःख एकच, पण सिंधूच्या वाट्याला पदं आली आणि गीतेच्या वाट्याला हशा. गाईडमध्ये गीतेला 'विनोदी पात्र' म्हणून दीड ओळ दिलीय. दीड! (आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशाला मीही हॉस्टेलवर पोट धरून हसलेय, ते कबूल. दारूविरुद्धच्या नाटकात सगळ्यात झकास वाक्यं दारुड्यांनाच दिलीत, हे एक आहेच.)

काल आईला फोनवर तो फौजदाराचा प्रवेश वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समोरच्या काकूंना एवढ्यात फोन केला होतास का गं?"