'निळं गेट, आत कुत्रा आहे' : तुमच्या तक्रारीला उत्तर

ताई, नमस्कार. आजारी माणसांसाठी बेड, वॉकर भाड्याने देणाऱ्या दुकानाचा मालक लिहितोय. वडील जाऊन आठ महिने झाले आणि आता त्यांच्या नावाने क्रेडिट कार्डाचं पत्र आलं, पत्ता आमच्याकडूनच बाहेर गेला असणार, असं तुम्ही लिहिलंत आणि एक स्टार दिलात. त्याखाली आमच्या काउंटरवरच्या मुलाने 'आमचा काही संबंध नाही' असं टाकलं होतं. ते मी काढलंय. संबंध आमचाच आहे.

तुम्ही लावलेला पाकिटाचा फोटो मोठा करून पाहिला. पत्त्याच्या शेवटी छापलंय, 'निळं गेट, आत कुत्रा आहे'. असं कुणाच्या आधार कार्डावर नसतं. बाबांचा फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा) आणि एअर बेड (हवेची गादी) पोचवताना टेम्पोवाल्या पोरांना घर सापडावं म्हणून डिलिव्हरीच्या वहीत ते लिहिलं होतं. वही काढली. अक्षर माझंच आहे.

ती वही एक्सेलमध्ये भरायचं काम आम्ही बाहेर दिलं होतं. भरणाऱ्याने अख्खी फाइल कार्डं विकणाऱ्या एका एजंटला दिली, हे त्याने काल माझ्यासमोर कबूल केलं. प्रत्येक नावापुढे वस्तू लिहिलेली होती: बेड, वॉकर, ऑक्सिजन मशीन. एवढं समोर असून कुणी वाचलं नाही. ज्यांना कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागायचा, त्यांना या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट प्रवेश! आणि ते पाकीट आईंनी उघडलं. ताई, मला माफ करा. त्या माणसाचं काम मी बंद केलंय, पण वही त्याच्या हातात मीच दिली होती.

बाबांच्या नावावर कर्ज निघालं की काय, अशी भीती आईंना वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, हे नुसतं आमंत्रण आहे. अर्ज आणि केवायसी झाल्याशिवाय कार्ड देता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत न मागता कार्ड देण्याला मनाईच आहे. दिलं आणि बिल लावलं, तर बँकेला ते मागे घेऊन वर दुप्पट दंड भरावा लागतो. तरी बाबांचं नाव यादीतून काढा, असं पत्र बँकेला माझ्या सहीने गेलंय. तुमच्याकडून मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून एक अर्ज गेला तर बरं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ते कागद मी तयार करून देईन. फाइलीतल्या बाकीच्या घरांनाही मी स्वतः फोन करतोय.

आणखी एक. बेड परत नेताना पावती सापडली नाही म्हणून तुमचं दोन हजारांचं डिपॉझिट आमच्याकडेच राहिलंय. पावती नको. आईंना चालणार असेल तर रविवारी सकाळी घेऊन येतो, नाहीतर खात्यावर पाठवतो. तुम्ही सांगाल तसं.