मागच्या डाव्या चाकाच्या सैल बोल्टबद्दल वर्कशॉपमालकाचे उत्तर

नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि सोबतचे फोटो मोठे करून पाहिले. आपल्या २००७ सालच्या पोर्शे केमनच्या चारही डिस्क आणि ब्रेक पॅड आमच्याकडे बदलून घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी साताऱ्याकडे जाताना मागून खडखड ऐकू आली आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरावेत इतके सैल निघाले, असे आपण लिहिले आहे. बोल्टना ग्रीस लावल्यामुळे ते सुटले असे आपल्याला तिथे सांगण्यात आले. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, आठ नव्या बोल्टचे पैसे लावणे ही लूट आहे, असेही आपले म्हणणे आहे.

बोल्ट सैल राहिले ही चूक पूर्णपणे आमची आहे आणि त्याबद्दल मी आपली व आपल्यासोबत गाडीत असलेल्यांची मनापासून माफी मागतो. चूक कुठे झाली हे आपल्याच फोटोंवरून कळले. टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेला पीळ पडला की कळवणाऱ्या पान्याचा, 'कट' असा आवाज झाला की आमचा मेकॅनिक त्या बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. आपल्या फोटोत पुढच्या डाव्या चाकाच्या पाचही बोल्टवर ती रेघ स्पष्ट दिसते, मागच्या डाव्या चाकावर एकही नाही. जॉब कार्ड काढून पाहिले तेव्हा तीन चाकांसमोर १३० हा पिळाचा आकडा लिहिलेला होता आणि चौथा चौकोन कोरा होता. गाडी लिफ्टवर असताना पाचही बोल्ट हाताने बसवून पान्याने जेमतेम घट्ट केले होते. गाडी खाली घेतल्यावर चाकाला जमिनीचा आधार मिळतो आणि तेव्हाच अखेरचा पीळ द्यायचा असतो, पण नेमक्या त्या वेळी मेकॅनिकला दुसऱ्या गाडीसाठी बोलावले गेले आणि परत आल्यावर ते चाक राहून गेले. त्या कोऱ्या चौकोनाच्या खाली माझी सही आहे. म्हणून याचा दोष मी त्या मुलावर टाकणार नाही.

ग्रीसबद्दल मात्र आपल्याला चुकीची माहिती मिळाली आहे. आपल्या गाडीच्या चाकाच्या बोल्टवर डोक्याखाली स्वतंत्र फिरणारी एक गोलसर कडी असते. बोल्टच्या आट्यांना आणि डोके व ती कडी यांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम पेस्टचा पातळ थर द्यावा, पण कडीची चाकाला टेकणारी बाजू कोरडीच ठेवावी, अशी पोर्शेची सूचना आहे. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी बहुतांश जोर घर्षणातच खर्च होतो आणि साधारण दहा टक्केच बोल्टला ताणून चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसते त्या भागावर, दाबून धरण्याच्या कामी येतो. त्यामुळे आटे कोरडे आहेत की पेस्ट लावलेले आहेत, यावर एकाच आकड्याचा परिणाम पुष्कळ बदलतो. १३० न्यूटन मीटर हा आकडा ती पेस्ट गृहीत धरूनच दिलेला आहे. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सव्वातेरा किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ पडेल, तेवढा हा पीळ आहे. आपले बोल्ट सुटले ते पेस्टमुळे नव्हे, तर हा पीळ त्यांना मिळालाच नाही म्हणून.

कॅलिपरच्या बोल्टचे पैसे मी परत करणार नाही आणि त्यामागचे कारण आपण समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. फक्त पॅड बदलायचे असते तर कॅलिपर सोडवावे लागलेच नसते, पण डिस्क काढायची म्हणजे कॅलिपर उतरवावेच लागते. एकेका कॅलिपरला दोनच बोल्ट असतात आणि ब्रेक दाबल्यावर त्या चाकाच्या ब्रेकचा सगळा भार त्या दोघांवर येतो. ते काढले की नवेच घालावेत असे कंपनीचे वर्कशॉप मॅन्युअल सांगते, आणि तिथे पैसे वाचवायला मी कोणत्याही ग्राहकाला सांगणार नाही. हे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसतात, त्यांचा पीळ ८५ न्यूटन मीटर आहे, आणि तिथे गन, म्हणजे झटक्यांनी बोल्ट आवळणारे यंत्र, लावून ते आवळले तर आटे जाऊन तो अख्खा भाग बदलावा लागतो. आपल्याला दोन दिवस थांबावे लागले त्यात हाताने केलेल्या या कामाचाही वाटा आहे. काढलेले जुने आठही बोल्ट पिशवीत घालून आपल्या डिकीत ठेवलेले आहेत.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. त्या गॅरेजमध्ये बोल्ट गनने आवळले असे आपण लिहिले आहे. गनने किती पीळ पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. बोल्ट प्रमाणाबाहेर ताणले गेले असतील, आणि चाक सैल असताना गाडी चाललेली असल्यामुळे अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकाच्या, भोकांच्या कडाही चेपलेल्या असू शकतात. म्हणून कृपया गाडी चालवत आणू नका. आपण सांगाल त्या दिवशी आम्ही गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक पाठवतो. त्या चाकाचे पाचही बोल्ट नवे घालू, हबचे आटे व अलॉय तपासू आणि अलॉयला इजा झालेली असेल तर नवे अलॉय आमच्या खर्चाने देऊ. या कामाची आपण दिलेली संपूर्ण मजुरीही परत करतो.

सोमवारपासून आमच्याकडे चारही चौकोन भरल्याशिवाय आणि दुसऱ्या मेकॅनिकने पिवळ्या रेघा मोजल्याशिवाय गाडीची किल्ली काउंटरवर येत नाही. आपली गाडी आली की चारही चाकांचा अखेरचा पीळ मी स्वतः आपल्यासमोर देईन आणि कार्डावर माझ्या सहीच्या आधी आपली सही घेईन.