साडेतीननंतर बाजारात कोण असतं?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: शेअर बाजार साडेतीनला बंद होतो तो फक्त तुमच्या-आमच्यासाठी. बडी मंडळी रात्रभर ‘आफ्टर अवर्स ट्रेडिंग’ (बाजार बंद झाल्यावरचे सौदे) करतात, म्हणून शेअर सकाळी उडी मारून उघडतो. आपणही झोपण्यापूर्वी ‘आफ्टर मार्केट ऑर्डर’ (बाजार बंद असताना ब्रोकरकडे नोंदवायची ऑर्डर) टाकावी, रांगेत पहिला नंबर आपला. धाडणारे काका हिशेबाला पक्के आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘आफ्टर अवर्स ट्रेडिंग’ हा शब्द मुळात अमेरिकेचा. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या दुपारी चारला बंद होतो आणि पुढे रात्री आठपर्यंत खरोखरच सौदे चालतात. चारनंतर एखाद्या कंपनीचा नफा-तोट्याचा निकाल आला की काही मिनिटांत भाव खालीवर. आपल्याकडच्या एनएसई-बीएसई या शेअर बाजारांवर तशी सोय नाही. इथे संध्याकाळी सहाला निकाल लागला, तर बरंवाईट जे काही व्हायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

मग साडेतीनला पूर्ण शटर खाली? तसंही नाही. आजवरच्या व्यवस्थेत 3.40 ते 4.00 असं वीस मिनिटांचं एक सत्र असतं, पण तिथे भाव एकच: त्या दिवशीचा बंद भाव. हा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची संख्येच्या वजनाने काढलेली सरासरी. साडेतीनच्या ठोक्याला शेअर 512 वर दिसला, पण त्या अर्ध्या तासात बहुतेक माल 505 च्या आसपास गेला असेल, तर बंद भाव 505 च्या जवळ येतो. घासाघीस नाही, चढाओढ नाही. आणि हे सत्र बड्यांसाठी राखीव नाही. काकांनाही तिथे घेता-विकता येतं.

आता सकाळची उडी. 9.00 ते 9.08 या वेळात फक्त ऑर्डरी गोळा होतात, सौदा एकही होत नाही. शेवटच्या मिनिटात ही खिडकी कधीही बंद होऊ शकते. मग ज्या भावाला जास्तीत जास्त शेअर हातबदल करू शकतात, तो एक भाव काढला जातो. काल शेअर 500 ला बंद झाला, रात्री चांगली बातमी आली, घेणारे 540 मोजायला तयार आणि विकणारे 535 च्या खाली उतरायला नाखूश, तर तो पाचशे पस्तीस-चाळीसच्या घरात उघडणार. मधले भाव रात्री कुणी गुपचूप चढवत नेले नाहीत. ते भाव झालेच नाहीत.

‘पण रात्री आकडे हलताना मी स्वतः पाहिलेत,’ असं काका म्हणतील. पाहिले असणार. गुजरातच्या गिफ्ट सिटीत गिफ्ट निफ्टीचं दुसरं सत्र पहाटे पावणेतीनपर्यंत चालतं. पण तो निफ्टी या निर्देशांकाचा डॉलरमधला वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा करार आहे; त्यात एखाद्या कंपनीचा एकही शेअर इकडचा तिकडे होत नाही. इन्फोसिस किंवा आयसीआयसीआय बँकेच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत निघालेल्या पावत्याही (एडीआर) आपल्या रात्री न्यूयॉर्कमध्ये फिरतात, मात्र तिथला तो भर दिवस असतो. दोन्हींवरून उद्याचा अंदाज बांधतात, एवढंच.

काकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य. संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार सुरू होण्याआधीच्या काळात (बीएसईवर ते 1995 मध्ये आले) बाजार उठल्यावर दलाल स्ट्रीटच्या रस्त्यावर तोंडी सौदे होत. त्याला ‘कर्ब’ म्हणत, म्हणजे फुटपाथची कड. ‘बंद झाल्यावरचा धंदा’ ही समजूत बहुधा तिथूनच उरली असावी. आज एक्स्चेंजला वगळून वहीत चालणारा ‘डब्बा’ हा तर सरळ गुन्हा आहे.

राहिला पहिला नंबर. ‘आफ्टर मार्केट ऑर्डर’ या नावात सौदा कुठेच नाही. ती चिठ्ठी आहे. रात्री अकराला टाकलेली ऑर्डर एक्स्चेंजकडे जात नाही, ब्रोकरच्या सर्व्हरवर झोपलेली असते. सकाळी बाजार उघडताना ब्रोकर असा गठ्ठा पुढे पाठवतो. एक्स्चेंज आधी भाव बघतं, मग वेळ. आणि वेळ मोजतात ती ऑर्डर तिथे पोचल्यापासूनची. अकराला टाकली काय नि पहाटे पाचला टाकली काय, एक्स्चेंजच्या लेखी दोघी सकाळीच आलेल्या.

खरा चटका वेगळाच. 500 चा बंद भाव बघून भाव न लिहिता ‘मार्केट’ (मिळेल त्या भावाची) ऑर्डर टाकून झोपलात, आणि शेअर 540 ला उघडला, तर तो 540 लाच पदरात पडतो. 505 ची मर्यादा लिहिली असती तर ऑर्डर नुसती पडून राहिली असती. गेल्या वर्षी माझ्या मामेभावाने पहिला प्रकार केला होता. त्या दिवशी दुपारी शेअर 511 वर होता, आणि ग्रुपवर त्याने अवाक्षर काढलं नाही.