फिर्यादी होताना घ्यावयाची काळजी

तुमच्या बाबतीत गुन्हा घडणारच असेल, तर दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर घडू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हे खरं आहे. पण ठाणे अंमलदाराला कलम १७३ सांगणं म्हणजे सासूला आमटी शिकवणं. मोबाइल चोरीला गेला असेल तर ‘गहाळ झाला’ म्हणा. गहाळचा दाखला लगेच मिळतो. चोरी म्हटलं की तपास आला, आणि तपास आला की सगळ्यांनाच त्रास. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच गुन्हा नोंदवणं बंधनकारक केलंय, ही माहिती घरीच ठेवून जा.

गुन्हा नोंदवला गेलाच, तर पुढचे ९० दिवस निश्चिंत राहा. कलम १९३ म्हणतं, तपास कुठवर आलाय ते पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवावं. एक्याण्णवाव्या दिवशी काय होतं? तुम्ही ब्याण्णवाव्याची वाट बघता. याच संहितेत आणखी एक ९० दिवस आहेत. गंभीर गुन्ह्यात तेवढ्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही आणि कोठडीतल्या आरोपीने जामीन मागितला, तर तो द्यावाच लागतो. ‘साहेब बंदोबस्ताला होते’ ही सबब तिथे चालत नाही. (आरोपीचा हा हक्क योग्यच आहे, तो राहू द्या. फक्त आपल्यालाही तसलाच द्या, असा हट्ट धरू नका. बरं दिसत नाही.)

कोर्टात स्वतःचा वकील जरूर द्या. फी तुमची, पण त्याने सरकारी वकिलाला साहाय्य करायचं. बोलायचं ते सरकारी वकील बोलतील. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयातल्या ऑनलाइन सुनावणीत पीडितांच्या वकिलांचा संपर्कच तुटला. पुन्हा ऐकून घ्या, हा त्यांचा अर्जही विचारात घेतला गेला नाही आणि आरोपीला जामीन झाला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं बजावलं. तेव्हा चांगलं नेटवर्क ठेवा, आणि ते नाही जमलं तर दिल्लीला जाण्याची ऐपत ठेवा.

भरपाईबद्दल थोडक्यात. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात, भरपाई द्यायची की नाही याचा न्यायालयाने विचार करावा आणि कारणंही नोंदवावीत, असं २०१३ मध्ये ठरलं. खटला आपल्या राज्याचा होता, एवढ्यावर समाधान माना.

आरोपी सुटला, तर तुम्हाला अपील करता येतं, त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही. निकाल लागल्याचं मात्र तुमचं तुम्हीच शोधून काढायचं. त्यात मुदत गेली, तर उशीर माफ करण्याचा अर्ज करा. इतके दिवस काय करत होतात, याचा खुलासा तिथे तुम्ही द्यायचा, प्रतिज्ञापत्रावर.