पट्टा पाय ओढत नाही हो, पण मशीन खोटं बोलतं

काका, (वय ५१ लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका), तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ट्रेडमिलवर पट्टाच पाय मागं ओढतो, माणूस नुसता जागेवर उड्या मारतो, त्याला पळणं म्हणायचं नाही, आणि मी "ट्रेडमिलचे पाच किलोमीटर म्हणजे रस्त्याचे पाच" असं लिहून नव्या पोरांची दिशाभूल केली. वर "एकदा पहाटे पार्कवर या, मग कळंल" हे पण आहेच. यातलं अर्धं मला मान्य नाही आणि अर्धं मान्य करायला लाज वाटतीय, तरी करतो.

आधी न पटलेलं. पट्टा पाय ओढतो हे मला पण पहिले सहा महिने खरं वाटायचं. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना बघा, कुर्डुवाडी सोडून गाडी एका स्पीडला लागली की डब्यात तुम्ही इंजिनाकडं चाला नाहीतर गार्डाकडं चाला, पायाला काही फरक कळतो का? नाही कळत. पट्ट्याचं तेच आहे, तो एका वेगानं चाललाय तोवर तुमच्या पायाला जमीन मागं जातीय का तुम्ही पुढं जाताय याचा पत्ता नसतो, अंग वर ढकलायचं आणि पुढं टिकवायचं काम तुम्हालाच करावं लागतं. पट्टा फुकट पळवत असता तर दहाव्या मिनिटाला माझी जीभ बाहेर आली नसती.

खरा फरक वाऱ्याचा आहे. बाहेर हवा कापत जावं लागतं, आत नाही. त्यासाठी १ टक्का चढ लावायचा असं सगळे सांगतात ना, ते आलं ब्रिटनमधल्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासातनं, पण त्यांनी तपासलेला वेग होता ताशी साधारण साडेदहा ते अठरा किलोमीटर आणि पळणारे चांगले तयार गडी. आपण नऊ-दहानं रखडणारे, आपल्याला हवा कितीशी अडवणार? चढ लावा नाहीतर लावू नका, फार फरक पडत नाही. उलट आत वारा नसल्यामुळं घाम वाळत नाही, अंग तापतं आणि तोच वेग जास्त जड जातो. आमच्या जिमात एकच पंखा चालतो आणि तो पण डंबेल्सकडं तोंड करून, त्यामुळं हे मी रोज भोगतो बे. (मशीनला तुम्ही शिक्षा म्हणालात ते मात्र इतिहासाला धरून आहे, १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनियरनं इंग्लंडच्या तुरुंगात कैद्यांसाठी असलंच पायानं फिरवायचं चाक काढलं होतं.)

आता लाजेचं. तुमची कमेंट वाचून डोकं फिरलं होतं, म्हणून परवा मशीन बंद असताना पट्ट्यावर खडूनं खूण केली आणि पट्टा हातानं सरकवत टेपनं मोजला. एक पूर्ण फेरा २.८ मीटर. मग स्पीड १० लावून पळायला लागलो आणि मित्राला खाली बसवून एका मिनिटात खूण किती वेळा येते ते मोजायला लावलं. ताशी १० म्हणजे साडेएकोणसाठ फेरे भरायला पाहिजेत, भरले ५६. परत मोजलं, परत ५६. म्हणजे खरा स्पीड ९.४, आणि माझे पाच किलोमीटर निघाले ४.७. मित्र म्हणला, "वर्षभर फुकट मिरवलास की." त्यामुळं "ट्रेडमिलचे पाच म्हणजे रस्त्याचे पाच" हे वाक्य मी आजच खोडतोय. तत्त्व बरोबर होतं पण आमचं मशीन चोर निघालं, आणि ते न तपासता लिहिलं ही माझी चूक.

दुसरं पण एक सांगतो. उन्हाळ्यात दोन महिने सलग मशीनवर काढून मग एकदा विजापूर रोडला पळायला गेलो होतो, तर पहिल्या किलोमीटरलाच बैल सुटल्यासारखा सुटलो, कारण आवरायला पट्टा नव्हता, आणि तिसऱ्याला फुटपाथवर बसून राहिलो. वर दुसऱ्या दिवशी घोटे आणि नडग्या ठणकत होत्या. पट्ट्यावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं, रस्त्यावर खड्डा चुकवा, वळा, कुत्रं दिसलं की दिशा बदला, उतार आला की मांड्यांनी ब्रेक मारा, ही सवय मशीन देत नाही. इथं तुम्ही शंभर टक्के बरोबर.

पण काका, मी एमआयडीसीतनं घरी येतो रात्री आठला, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की त्या वेळेला पण डांबर भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं असतं. तेव्हा मी पट्ट्यावरच पळणार. गड्ड्याच्या (म्हणजे आपल्या सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतल्या थंडीत मात्र मला जिमात कोंडून ठेवलं तरी मी खिडकीतनं पळून येईन.

तर रविवारी साडेपाचला पार्कवर येतो, स्पीड तुम्ही ठरवा. आणि नंतर तुम्ही माझ्याबरोबर जिमात यायचं, खडू मी आणतो, फेरे तुम्ही मोजा, कारण जिमवाला म्हणतोय माझा मित्र मोजायला चुकला.